स्लॅशच्या जागी 'य': कोड एडिटरचे शॉर्टकट आणि आपला मराठी कीबोर्ड

(शिरूर कासार येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समीक्षा म्हटलं की आपल्याला कादंबरी आठवते, नाटक आठवतं, फार तर सिनेमा. पण ज्या वस्तूसमोर एखादा माणूस दिवसाचे आठ-आठ तास बसतो, तिची समीक्षा कुणी करत नाही. कोड एडिटर ही तशी वस्तू आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याचं ते शेत, अवजार आणि बांध, सगळं एकच. तर आज त्या एडिटरचे शॉर्टकट, म्हणजे कंट्रोल दाबून अमुक, आल्ट दाबून तमुक, आणि आपला मराठी कीबोर्ड, या दोघांचं का जमत नाही ते बघू. दोष कुणाचा किती, तेही सांगणार आहे. 

एक उदाहरण घेऊ, आपल्याच भागातलं. समजा इथली एखादी मुलगी मुकादमाच्या हिशोबासाठी छोटा प्रोग्राम लिहायला बसली आहे. हंगामाच्या आधी उचल दिली जाते, ती कुणाला किती दिली, किती फिटली, हे सगळं आज वहीत असतं. ते तिला संगणकावर आणायचं आहे. प्रोग्रामच्या आज्ञा इंग्रजीत, ते ठीक. पण पडद्यावर दिसणारे शब्द कोणते? उचल, कोयता, टोळी, फड. ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो: ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तर हे चार शब्द. आणि ती टायपिंग क्लासला जाऊन इनस्क्रिप्ट शिकलेली आहे, कारण लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेला मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो.

आता बटणं बघा. 'उचल' लिहिताना 'च' कुठे आहे? इंग्रजी कीबोर्डवर जिथे अर्धविराम, म्हणजे सेमीकोलन आहे तिथे. 'कोयता' मधला 'य' कुठे? स्लॅशच्या बटणावर. 'टोळी' चा 'ट'? अवतरणचिन्हाच्या बटणावर. आणि 'फड' चा 'ड'? उघड्या चौकोनी कंसावर. शब्द मी मुद्दाम शोधून आणलेले नाहीत, ऊसतोडीचा हिशोब लिहायचा तर हेच लागतात. आणि प्रत्येकाने प्रोग्रामिंगचं एक-एक चिन्ह गिळलेलं आहे.

मग होतं असं. तिने दुहेरी अवतरणचिन्ह दिलं, मराठीवर गेली, 'कोयता' लिहिलं आणि सवयीने अवतरण बंद करायला गेली. शिफ्टबरोबर ते बटण दाबलं की 'ठ' येतो. पुढे सेमीकोलन दिलं तर 'च'. म्हणजे ओळीत दिसतं 'कोयताठच'. (हशा) हसू येतं खरं, पण दिवसातून शंभरदा झालं की हसू राहत नाही.

इनस्क्रिप्ट वाईट आहे असं मात्र समजू नका. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ती मांडणी पुढे आणली, १९८८ मध्ये सुधारली, आणि १९९१ च्या इस्की मानकात तिला जागा मिळाली. मांडणी हुशार आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. 'क' च्याच बटणावर शिफ्टने 'ख', 'ग' वर 'घ', 'च' वर 'छ'. आपल्या लिपीची घडण ज्याला कळली आहे अशा माणसाने केलेलं काम आहे ते. आणि तीच मांडणी बंगालीला, तेलुगूला, मल्याळमलाही चालते. पण अक्षरं पन्नासच्या घरात आणि इंग्रजीची अक्षरबटणं सव्वीस. शिफ्ट धरूनही सगळं बसेना, म्हणून कडेच्या चिन्हांच्या जागा घेतल्या. महिरपी कंसांच्या जागी 'ढ' आणि 'ञ' गेले, बरोबरच्या चिन्हावर ऋकाराची मात्रा गेली, उलट्या स्लॅशवर 'ॉ' गेला, अंडरस्कोअरवर विसर्ग गेला. शिल्लक काय राहिलं? गोल कंस, स्वल्पविराम, पूर्णविरामाचा टिंब, आडवी रेघ. १९८६ मध्ये समोर पत्र लिहिणारा कारकून होता, त्याला महिरपी कंस कशाला लागतोय? तेव्हाचा निर्णय तेव्हाच्या कामाला बरोबर होता.

हे झालं लिहिण्याचं. शॉर्टकटचा प्रश्न याच्या पुढचा आहे, आणि आजचा खरा मुद्दा तो आहे.

शॉर्टकट म्हणजे एडिटरने आपल्या बोटाला दिलेला शब्द. कंट्रोल-स्लॅश दाबलं की ओळ टिप्पणी होईल, कंट्रोल-एस दाबलं की फाईल जपली जाईल. पण एडिटरला नेमकं काय कळतं? तुम्ही बटण दाबलं की त्याच्याकडे दोन वेगळ्या बातम्या पोचू शकतात. एक, कीबोर्डवरच्या कुठल्या जागेचं बटण दाबलं. दोन, त्यातून कुठलं अक्षर निघालं. इंग्रजी मांडणीवर दोन्हींचं उत्तर एकच, म्हणून अमेरिकेत बसून एडिटर लिहिणाऱ्याला हा फरक जाणवतच नाही. ब्राउझरमध्ये या दोन बातम्यांना वेगळी नावं आहेत: जागेला 'कोड', अक्षराला 'की'. शिवाय 'कीकोड' नावाचा एक जुना आकडा आहे, तो या दोघांच्या मधला, आणि तो जायचं नाव घेत नाही.

मग शॉर्टकट कशाशी बांधायचा, जागेशी की अक्षराशी?

युरोपात हा वाद जुना आहे. फ्रेंच कीबोर्डवर 'ए' आणि 'क्यू' ची, 'झेड' आणि 'डब्ल्यू' ची अदलाबदल असते. तिथे शॉर्टकट जागेशी बांधला तर फ्रेंच माणूस 'डब्ल्यू' लिहिलेलं बटण दाबेल आणि केलेलं काम मागे जाईल. जर्मन कीबोर्डवर स्लॅश शिफ्ट आणि सातवर आहे, चौकोनी कंस उजव्या आल्टवर. विंडोजवर व्हीएस कोड वापरणारा जर्मन माणूस ओळ टिप्पणी करायला कंट्रोल आणि हॅशचं बटण दाबतो. विचित्र आहे, पण चालतं, आणि एडिटरच्या यादीत तसं लिहिलेलंही असतं. युरोपाच्या अनुभवातून निघालेलं उत्तर असं: शॉर्टकट अक्षराशी बांधा. माणूस बटणावर छापलेलं बघतो, त्याला तेच मिळू द्या.

हे उत्तर आपल्याकडे आणलं की कोसळतं. फ्रेंच माणसाचा 'झेड' सरकलेला असतो, पण असतो. इनस्क्रिप्टमध्ये 'झेड' कुठेच नाही. एखाद्या वेबवरच्या एडिटरने लिहिलं असेल की कंट्रोल दाबलेलं असताना 'एस' अक्षर आलं तर फाईल जपा, तर आपल्या मुलीच्या बोटातून 'एस' येतच नाही, येते ती 'े' ही मात्रा. एडिटर म्हणतो, माझ्यासाठी नाही. मग ती बातमी ब्राउझरकडे जाते, आणि ब्राउझर विचारतो, हे अख्खं पान कुठे जपू? म्हणजे शॉर्टकट नुसता बंद पडत नाही, भलतंच काहीतरी करतो. बंद पडला असता तर एकवेळ परवडलं असतं.

म्हणजे आपल्याला हवं ते उत्तर असं: आधी अक्षर बघा, आणि ते अक्षर रोमन नसेल तर जागेकडे वळा. दोन ओळींचा नियम आहे. काहींनी तो पाळलाय. कोडमिरर नावाचा एक एडिटर आहे, अनेक संकेतस्थळांच्या पोटात तो बसवलेला असतो. त्याच्या आत अशी सोय आहे की आलेल्या अक्षराचा क्रमांक १२७ च्या पुढे असेल, तर त्या जुन्या कीकोडवरून बटणाचं मूळ अक्षर काढून शॉर्टकट पुन्हा शोधायचा. आपली 'े' ची मात्रा युनिकोडमध्ये २३७५ व्या क्रमांकावर आहे. १२७ च्या पुढे म्हणजे केवढी पुढे! त्यामुळे तिथे आपलं काम होतं, अक्षरांचंही आणि चिन्हांचंही. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर मराठी नसेल, रशियन किंवा ग्रीक असेल. पण नियम नीट लिहिला की न बोलावलेल्या पाहुण्यालाही जेवण मिळतं.

व्हीएस कोडबद्दल जरा जास्त बोलतो, कारण इथल्या बहुतेक मुलांच्या संगणकावर तोच असणार. २०१५ साली आला. कीबोर्डच्या बाबतीत त्या मंडळींनी कष्ट घेतलेत हे आधी मान्य करू. शॉर्टकटच्या फाईलमध्ये चौकोनी कंसात बटणाची जागाच लिहायची सोय आहे, म्हणजे अक्षर काहीही निघो, ही जागा दाबली की हे काम. कीबोर्डची बातमी कशी वाचायची तेही सेटिंगमधून बदलता येतं. आणि मॅक-लिनक्ससाठी आत अशी तरतूद आहे की मांडणीतून ए ते झेड ही अक्षरं निघतच नसतील, तर ती इंग्रजी जागांवर आहेत असं धरून चालायचं. उत्तम. पण त्या तरतुदीत अक्षरं आहेत, चिन्हं नाहीत. आणि कोड एडिटरचं अर्धं काम चिन्हांवर चालतं! ओळ टिप्पणी करणं स्लॅशवर, ओळ आत-बाहेर सरकवणं चौकोनी कंसांवर, टर्मिनल उघडणं त्या कोपऱ्यातल्या उलट्या टिंबावर. रशियन माणसाची चिन्हंही सरकतात, पण आपल्याइतकी साफ नाहीशी होत नाहीत. म्हणून त्याच्यापुरतं बेतलेलं कापड आपल्याला तोकडं पडतं. माझी पहिली तक्रार ही.

विंडोजवर परिस्थिती बरी आहे, आणि त्याचं श्रेय एडिटरला नाही. विंडोजमध्ये प्रत्येक बटणाला अक्षराखेरीज एक आतलं नाव असतं. मराठी मांडणीत ती नावं इंग्रजीचीच ठेवलेली आहेत. म्हणून नोटपॅडमध्ये मराठी चालू असतानाही कंट्रोल-एस चालतं. सेवा केंद्रात दाखले टाईप करणाऱ्याला विचारा, त्याला यात काही अडचण आहे हेच पटणार नाही. मॅकवर तर कमांड बटण दाबलं की मांडणीच तेवढ्यापुरती इंग्रजी होते. फारच समंजस कल्पना.

पण विंडोजवर वेगळं दुखणं आहे. भाषा बदलायला डावा आल्ट आणि शिफ्ट. आणि व्हीएस कोडमध्ये विंडोजवर कोड नीटनेटका करायला शिफ्ट-आल्ट-एफ, ओळीची खाली नक्कल करायला शिफ्ट-आल्ट आणि खालचा बाण. दोन बटणं दाबली, बोट जरा घुटमळलं, तिसरं न दाबताच सोडलं, की भाषा बदलली. पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत बदल होतो, एडिटरमध्ये काहीच खूण नाही. पुढची ओळ लिहायला घेतली की कळतं. इंग्रजी एकच भाषा असलेल्या संगणकावर हा संघर्ष उद्भवतच नाही. तो शॉर्टकट निवडला तेव्हा दोन भाषांचा माणूस खोलीत नव्हता, एवढं त्यावरून दिसतं.

आणखी एक बारीक गोष्ट. जोडाक्षर कसं दिसावं हे ठरवणारे दोन अदृश्य वर्ण असतात, एक जोडणारा आणि एक तोडणारा. विंडोजच्या भारतीय मांडण्यांमध्ये ते कंट्रोल-शिफ्ट-एक आणि कंट्रोल-शिफ्ट-दोनवर ठेवलेले आहेत. आता व्हीएस कोडमध्ये शोधा-बदलाची पट्टी उघडी असताना कंट्रोल-शिफ्ट-एक म्हणजे काय? सापडलेला शब्द बदलून टाक! एकाच बटणावर दोघांचा दावा. मराठी मजकुरात शोधाशोध करतानाच हे दोघे समोरासमोर येणार, कारण जोडाक्षरांची दुरुस्ती आपण तिथेच करतो. उजव्या आल्टचंही तसंच. भारतातल्या इंग्रजी मांडणीत उजवा आल्ट आणि चार म्हणजे रुपयाचं चिन्ह, २०१० साली आलेलं. पण विंडोज उजव्या आल्टला कंट्रोल-आल्ट समजतं. म्हणून एखाद्याने कंट्रोल-आल्ट-चारवर काही काम लावून ठेवलं, की उचलीच्या हिशोबात रुपया उमटत नाही.

आता जरा मागे जाऊ, कारण या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला जुन्या एडिटरांत सापडतं.

व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिला. त्यात कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही अक्षरं, कारण ज्या टर्मिनलवर तो लिहिला त्याच्या याच बटणांवर बाण छापलेले होते. म्हणजे शॉर्टकट मुळात जागेचा होता, अक्षराचं नाव त्याला नंतर चिकटलं. त्याचा वारस व्हिम, नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांचा, १९९१ पासूनचा. व्हिममध्ये दोन अवस्था असतात, एक आज्ञेची आणि एक लिहिण्याची. विंडोजची किंवा लिनक्सची मराठी चालू ठेवून आज्ञेच्या अवस्थेत ओळ पुसायला दोनदा 'डी' दाबलात तर काय जाईल? दोन हलन्त. (हशा) व्हिम बिचारा काय करणार त्या हलन्तांचं! पण त्याच व्हिममध्ये २००१ च्या सहाव्या आवृत्तीपासून 'कीमॅप' आहे. मांडणी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये न बदलता एडिटरच्या आत बदलायची. लिहिण्याच्या अवस्थेत असाल तर बोटातून मराठी येते, एस्केप दाबून आज्ञेच्या अवस्थेत आलात की आपोआप इंग्रजी. पुन्हा लिहायला गेलात की पुन्हा मराठी. तुम्हाला काही आठवावं लागत नाही. आपल्या मांडणीची फाईल हाताशी नसेल तर स्वतः लिहिता येते, साधी मजकुराची फाईल, कुठल्या बटणाला कुठलं अक्षर एवढंच. ज्याला इनस्क्रिप्ट पाठ आहे त्याचं ते एका दुपारचं काम.

ईमॅक्समध्ये तर देवनागरी-इनस्क्रिप्ट नावाची लेखनपद्धत आधीपासून दिलेली असते. बहुभाषिक लेखनाची ही सगळी यंत्रणा जपानी अभ्यासकांनी बांधली आणि १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत ती मुख्य ईमॅक्समध्ये आली. कंट्रोल आणि उलटा स्लॅश दाबला की ती चालू, पुन्हा दाबला की बंद. चालू असताना साधी अक्षरं देवनागरी होतात, पण कंट्रोल धरून दिलेल्या आज्ञा जशाच्या तशा राहतात. आणि ही निवड प्रत्येक फाईलीपुरती वेगळी असते. जपानी माणसाला हे का सुचलं ते उघड आहे. त्याला रोज लागत होतं.

व्हिम, ईमॅक्स शिकायला अवघड, ते खरंच. सगळ्यांनी उद्यापासून तेच वापरा असं मी सांगणार नाही. पण त्या दोघांना एक गोष्ट समजली होती, ती नव्या एडिटरांनी हातची घालवली. भाषा ही संगणकाची अवस्था नाही, ती मजकुरातल्या त्या जागेची अवस्था आहे. अवतरणचिन्हांच्या आत मराठी, बाहेर इंग्रजी. विंडोज फार तर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवतं. पण आपल्या मुलीची तर एकच खिडकी आहे, त्यात एकाच ओळीत दोन्ही भाषा आहेत. आणि एडिटरला अवतरणचिन्ह कुठे उघडलं, कुठे मिटलं हे पक्कं माहीत असतं, त्यावरूनच तो आतल्या मजकुराला वेगळा रंग देतो! रंग देता येतो, मग भाषा का नाही बदलता येत? माझी दुसरी आणि मोठी तक्रार ही आहे. माहिती हाताशी आहे, आणि ती फक्त सजावटीला वापरली.

आता थोडं आपल्याकडे वळून. मराठीत कोण कोड लिहितं, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आज्ञा मराठीत कुणी लिहीत नाही, बरोबर. पण ग्रामपंचायतीचं पान, दुकानाचं बिल, शाळेचा निकाल, पाणीपट्टीची पावती, या सगळ्यांच्या पोटात मराठी मजकूर असतो आणि तो कुणीतरी एडिटरमध्येच बसून टाकलेला असतो. त्यातले बहुतेक लोक काय करतात? मराठी दुसरीकडे लिहितात, वर्डमध्ये नाहीतर मोबाईलवर, आणि तिथून आणून चिकटवतात. काम होतं. आणि काम होतं म्हणूनच तक्रार जात नाही. जर्मन माणूस एडिटर बनवणाऱ्यांना लिहितो की माझ्या मांडणीवर हा शॉर्टकट चालत नाही, सोबत मांडणीचं नाव, बटणाची जागा, निघालेलं अक्षर देतो, आणि मग त्याची दखल घेतली जाते. आपण चिकटवतो आणि पुढे जातो. टायपिंगच्या क्लासमध्ये वेग शिकवतात, शुद्धता शिकवतात, पण मांडणी कशी बदलायची, आणि बदलल्यावर कंट्रोलबरोबर काय होतं, हे क्वचितच कुणी शिकवतं. परीक्षेत ते येत नाही ना.

तक्रार लिहायची असेल तर सोय आहे. व्हीएस कोडच्या आज्ञांच्या यादीत कीबोर्ड शॉर्टकट ट्रबलशूटिंग नावाची आज्ञा आहे. ती चालू केली की प्रत्येक बटणागणिक एडिटरला काय ऐकू आलं आणि त्याने त्याचं काय केलं, ते खाली ओळीओळीने दिसतं. मराठी चालू करा, कंट्रोल-स्लॅश दाबा, आलेल्या ओळी उतरवून घ्या. एवढं दिलं की समोरच्याला टाळता येत नाही.

एका श्रोत्याने विचारलं की आम्ही इनस्क्रिप्ट वापरतच नाही, इंग्रजीत 'koyta' असं टाईप केलं की कोयता येतो, मग आम्हाला हा त्रास नाही ना?

वेगळा आहे. त्या पद्धतीत तुम्ही अक्षरं देत जाता आणि मध्ये बसलेला एक प्रोग्राम त्यांना अडवून शब्द जुळवतो. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी असा फोनेटिक कीबोर्ड आहे. शब्द जुळत असताना ब्राउझर एडिटरला खरं बटण सांगतच नाही, प्रत्येक बटणाला २२९ हा एकच कीकोड देतो. म्हणजे, आत काहीतरी चाललंय, मध्ये पडू नका. जो एडिटर हे ऐकतो तो गप्प राहतो. जो ऐकत नाही तो तुम्ही शब्द निवडायला एंटर दाबलं की तिथेच ओळ तोडतो, किंवा टॅब दाबलं की स्वतःची इंग्रजी सूचना त्यात घुसडतो. मराठी शब्दांची एक यादी आणि कोडच्या सूचनांची दुसरी यादी, दोन्ही एकाच कर्सरखाली उघडतात, एकमेकींवर चढतात, आणि बाण दाबला की कुठली यादी हलेल ते एडिटरगणिक वेगळं. चिन्हं मात्र तुमची जागेवर राहतात, सेमीकोलनचं 'च' होत नाही, हे तुमच्या बाजूने मोठं आहे. वेग जास्त लागत नसेल आणि मराठी मजकूर थोडाच असेल, तर मी तुम्हाला तेच वापरा म्हणेन.